आखूड अंथरूण

तीर्थरूप थोरल्या वन्सं, धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, पण कागदावर वाकायला काय जातंय.) डोळ्यांचं कसं आहे? अक्षर लागत नसेल तर पत्र शेजारणीकडून वाचून घ्या, सुनेकडून नको. का, ते खाली कळेल. आम्ही बरे. तुमचे बंधू आहेत तसेच आहेत, म्हणजे आडवे.

परवा पोरीसाठी घर बघायला गेलो होतो. लग्न ठरून दीड वर्ष झालं, पण दोघं हटून बसलीत, आधी घर मग लग्न. ती नर्स, तो लिफ्ट दुरुस्त करतो, दोघं कमावती. मी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या रोज तिला ऐकवायची, तुझ्या वयात आमचं घर झालं होतं, वर तूही कडेवर होतीस, तुमचा पगार जातो मोबाइलात आणि बाहेरच्या कॉफीत, अंथरूण पाहून पाय पसरावेत बाई! (हे इतक्यांदा ऐकवलंय की आता माझ्याआधी तीच म्हणून टाकते.)

तर इमारत कसली, नुसता खड्डा आहे. शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये नमुन्याचं घर सजवून ठेवलंय, तेच बघायचं. टाय लावलेला एक माणूस कार्पेट इतकं न् कार्पेट तितकं सांगायला लागला. मी म्हटलं कार्पेट नको, फरशी बरी, पुसायला सोपी. पोरीनं कोपर मारलं. कार्पेट म्हणजे आतली जागा म्हणे. मग जागा म्हण की मेल्या! बेडरूम मात्र ऐसपैस वाटली, पलंगाभोवती फिरायला वाव. पण वन्सं, तीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी, गिऱ्हाईक दारात आलं की माप डोळ्यांना कळतं. पलंग खुपला. पिशवीतली टेप काढली. लांबी पाच फूट एक इंच! खोली मोठी दिसावी म्हणून पलंग कापलेला! टायवाला म्हणतो, मॅडम, इथे मोजायचं नसतं. मी तुमच्या बंधूंना म्हटलं, झोपा. (हा शब्द त्यांना दोनदा सांगावा लागत नाही.) झोपले, तर पोटऱ्यांपासून पाय बाहेर. आणि डोळाही लागला! टायवाला उठवतोय, मी भांडतेय, मागची मंडळी फिदीफिदी हसतायत.

पोरगी हसली नाही. बापाच्या लोंबत्या पायांकडे बघत राहिली. परतताना इतकंच विचारलं, आई, तुमच्या घराचं कर्ज फेडायला किती वर्षं शिवलंस? मी म्हटलं चार. ती म्हणाली, बँकेनं आम्हा दोघांना सत्तावीस सांगितलीत, तीही असल्या पलंगासाठी. वन्सं, पोरांनी पाय पसरलेच कुठे होते? अंथरूणच आखूड बेतलं होतं, आणि मी कापडात जन्म घालवलेली बाई इतकी वर्षं पायांनाच बोल लावत बसले. मशीनवर बसले की तेच टोचतं.

बाकी ठीक. डोळ्यांत औषध घालत जा, टाळाटाळ नको.

तुमची भावजय

ता. क. आमच्या खालच्या मजल्यावरच्या तुमच्या बंद खोल्यांचा भाव काढायला सांगितलं होतंत. मी कळवलं, भाव बसलाय, भिंतीला ओल आलीय, घेतल्या तर घरचाच माणूस घेईल. ते सगळं खोटं. पोरीला स्वस्तात मिळाव्यात म्हणून केलं. एजंटाचा खरा आकडा सोबतच्या चिठ्ठीवर आहे, मी लिहिला त्याच्या तिप्पट. (सुनेला दाखवू नका, उद्याच विकायला लावेल.) तेव्हा पाठवलेला ओलीचा फोटो आमच्या बाथरूमचा होता.

आणखी एक ता. क. विकायच्या तर विका, हक्क तुमचा. पण घाई नसेल तर पोरांना भाड्यानं द्याल का? भाडं वेळेवर येईल, नाहीतर मी आहेच. पोरीला काही बोलले नाही. नाही म्हणालात तर माझ्यापुरतं राहील.

शेवटचं. काल तुमच्या खोल्या झाडायला गेले तेव्हा तुमचा जुना पलंग मोजला. सव्वासहा फूट. जरा आडवी झाले, पाय लांब करून. मग लाज वाटली, चादर सारखी केली आणि कुलूप लावलं. चावी अजून माझ्याकडेच आहे.