ह्यांचं रक्त खोटं बोलेना

रत्नागिरी, शनिवार

तीर्थस्वरूप शिवादादास,

मालनचा वाकून नमस्कार. इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढे वाचलंस की कळेल. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का?

तर झालं असं. शेजारचा बाबल्या (रिक्षावाला, संध्याकाळी रिक्षा सरळ उभी असते, हा तिरका) याचं लिव्हर तपासून आणा, अशी त्याच्या बायकोने ह्यांना, म्हणजे तुझ्या अनिलरावांना, गळ घातली. ह्यांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही, आणि हे ठाऊक नसलेला माणूस आमच्या आळीत उरलेला नाही. त्यामुळे वाटभर बाबल्याला प्रवचन. सुई बघून तो लॅबच्या दारातूनच मागे फिरला, तेव्हा हे म्हणाले, "घाबरतोस काय? आधी माझं काढू दे, बघ." बाही वर केली, नळीत रक्त उतरताना पाहिलं आणि बाकावरून खाली! बाबल्यानेच तोंडावर पाणी मारलं, स्वतःचं रक्त मुकाट दिलं आणि ह्यांना रिक्षात घालून घरी आणलं.

रिपोर्ट आले ते उलटेच. बाबल्याचं ठीक, ह्यांचं धोक्यात. बाबल्या आळीभर ओरडत सुटला, "वैनी, मी पास झालो!" नळ्यांची अदलाबदल झाली म्हणून हे हटून बसले. दुसऱ्यांदा रक्त दिलं (डोळे मिटून), नळीवर नाव स्वतः लिहिलं, खाली सहीसुद्धा ठोकली. रक्ताने पुन्हा तेच सांगितलं.

मग डॉक्टर तेजस्वीबाईंनी समजावलं. "काका, दारू नसली तरी चरबी लिव्हरमध्ये साठते. आत वण पडायला लागले की काही प्रथिनं रक्तात वाढतात. आम्ही ती मोजतो. दुखायच्या कितीतरी आधी कळतं."

दादा, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ह्यांना जेवायला वाढतेय, मला दिसलं ते फक्त सुटलेलं पोट. आणि बोटाएवढ्या त्या नळीला आतल्या अंधारात चाललेलं दिसलं! मी लॅबमधल्या रक्त तपासायच्या यंत्राला हात जोडले. (तिथली मुलगी हसली. हसू दे.) नंतर स्कॅन केला, त्यातही तेच निघालं. पण वेळेत सापडलंय, वजन उतरवलं तर लिव्हर सावरेल, म्हणाल्या. बाबल्यालाही सुनावलं, "हा आजचा रिपोर्ट आहे, जन्माचा परवाना नव्हे." हे आता चार चमचे साखरेचा चहा सोडून पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर चालतात, आणि प्रवचन साखरेवर देतात.

तुझी धाकटी,
मालन

ता. क. खरं लिहायचं होतं ते हे. आपल्या आबांचं पोट पाण्याने फुगलं, तेव्हा सगळी वाडी म्हणाली, चोरून पीत असणार. आबा आईची शपथ घेऊन नाही म्हणायचे आणि कुणाला पटायचं नाही. मी डॉक्टरबाईंना विचारलं. म्हणाल्या, आता नक्की सांगता येणार नाही, पण न पिताही तसं होतं, साखर असलेल्यांना तर जास्तच. घरी येऊन मी आबांच्या फोटोपुढे खूप रडले. तुलाही त्यांच्यासारखीच साखर आहे, दादा. ह्याच आठवड्यात रक्त दे.

ता. क. २. देऊन आलास की फोन वहिनींना करायला सांग. तुझ्या "दिलं गं" वर माझा विश्वास नाही.