राखाडीवर दोन हात लाल

प्रिय ताई,

वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). भावोजींचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे ठीक. बाबांची नजर आहे तशीच आहे, असं बाबांचं म्हणणं. हे पत्र त्यांना वाचून दाखवूनच पाकिटात घालणार आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल सगळं चांगलंच लिहिते.

तर बाबांची खोली आता लाल आहे. साधी लाल नाही, काळपट, साकळलेली. (हे म्हणाले, "आपण काय काळजाच्या आत राहायला जायचंय?") कारण तू. पांढऱ्या भिंतीत माणसांचे चेहरे विरघळतात म्हणे. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. अक्षर उठून दिसायला मागे गडद रंग लागतो, हे त्यांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलंय. म्हणाले, "ताई आली की भिंतीला टेकून गुपचूप उभी राहते, मी ओळखतो का बघत. आता येऊ दे. लालवर कशी लगेच दिसेल!"

रंगारी मिळाला तो प्रत्येक प्रश्नाला "होऊन जाईल" म्हणणारा. पहिल्या दिवशी बाबा खुर्चीवरून हलेनात आणि तिथेच डुलक्या घेऊ लागले, तेव्हा त्याने सामानावर जुनी चादर टाकताना बाबांवरही टाकली. मग रंग ढवळायला बसला. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. दार उघडलं ते कोपरापर्यंत लाल हातांच्या माणसाने, आणि मागे खुर्चीत चादरीखाली कोणीतरी. काकू जागच्या जागी थिजल्या. चादरीतून आवाज आला, "कोण आलंय गं?" विरजणाचं भांडं जिन्यावरून खालपर्यंत गेलं. काकू त्याच्याही आधी पोचल्या.

या गोंधळात बाबांची झोप उडाली आणि त्यांनी रंगाऱ्याला धारेवर धरलं. गडद लालच्या आधी राखाडी अस्तर मारायचं, नाहीतर चार हात देऊनही भिंत पुसट दिसते, हे कोणी शिकवलं नाही का तुला? रंगाऱ्याने तोंड वाकडं करून अस्तर मारलं, आणि दुसऱ्या दिवशी रुसून आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो शिडीवर चढत होता, तर बाबा चाचपडत आत आले. खोलीच्या मधोमध उभे राहिले, मान वर करून चारही भिंतींकडे वळले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात लाल." रंगारी शिडीवर पुतळ्यासारखा. "होऊन जाईल"सुद्धा म्हणाला नाही. कौतुकाची सवय नसेल बिचाऱ्याला.

आता लवकर ये. बाबा वाट बघताहेत.

तुझी,
धाकटी

ता.क. वाचून दाखवलं. काकूंच्या जागी दोनदा हसले. पुढचं फक्त तुझ्यासाठी. बाबा "वा" म्हणाले तेव्हा भिंतींवर नुसतं राखाडी होतं. लालचा एक थेंबही नव्हता. ते गेल्यावर रंगारी खाली उतरला, हळूच म्हणाला, "बाई, आता लाल मारायचा का?" म्हटलं, मारा. दोन्ही हात मारा.

आणखी एक. या वेळी भिंतीला टेकून गप्प उभी राहू नकोस गं. दारातूनच "बाबा, मी आले" म्हण. ते म्हणतील, लाल भिंतीमुळे लगेच ओळखलं. हो म्हण.