खालची ओळ

प्रिय दादा,

कुणी न पाहिलेले, काळेकुट्ट सिनेमे सुचव म्हणालास. सबटायटल्स लिहून पोट भरते, तेव्हा माझ्याकडे असणारच. एक इराणी बघ, खाणीत अडकलेले दोघे आणि एकच बॅटरी. एक थाई आहे, त्यातली नर्स भयंकर आहे. जेवताना लावू नकोस.

तिसरा कोरियन. सगळ्यांत चांगला तोच, पण सकाळपासून तीनदा त्याचं नाव लिहून खोडलं. उठते, खिडकी उघडते, परत येऊन बसते. त्यात मरताना बाप विचारतो, "थोरला आला का?" मला ते लिहवेना. मी खाली लिहिलं, "पाणी दे." ऑफिसात कुणाला कोरियन येत नाही, म्हणून खपून गेलं. तुला येतं. तिथे अकरा वर्षं काढलीस.

बाबा गेले तेव्हा तू फोनवर विचारलंस, शेवटी काय म्हणाले. मी म्हटलं, पाणी मागितलं.

पहिल्या दोन सिनेमांची नावं मेसेज करते. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील. दादा, पाणी मी पाजत होते. ते तोंड फिरवून दाराकडे बघत होते.

तुझी,
बारकी