पोहोचल्याचा निरोप

प्रिय ताई,

कार्यालयात परिपत्रके लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने पत्राच्या शिरोभागी 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिणे शिष्टसंमत ठरले असते. परंतु विषयाच्या जागी 'यंत्र' लिहावे की 'महामूर्खपणा', याचा निर्णय होईना. म्हणून थेट मजकुराकडे वळतो. पत्र हाताने आणि मुद्दाम टपोऱ्या अक्षरांत लिहिले आहे. त्याचे कारण यथावकाश येईल.

आपल्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या प्रवाशांना चार-दोन दिवसांसाठी देण्याचा उद्योग तुझा, त्यांच्याशी होणारा पत्रव्यवहारही तुझाच. तो पाहून माझ्या परिपत्रकी आत्म्याला क्लेश होत. 'बाथरूमची कडी आधी वर उचला, मग ओढा. नाही उघडली तर घाबरू नका, हाक मारा, मी खालीच आहे.' ही काय यजमानाची भाषा? नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गॅसवर दूध, आणि एका बोटाने तू कुणा अनोळखी माणसाला स्टेशनचा रस्ता टंकित करत बसलेली. मला वाटले, तुझे हाल होत आहेत. हाल होत नव्हते, तुला मजा येत होती, हे तू भांडताना सांगितलेस. तोपर्यंत मी स्वयंचलित उत्तरांची यंत्रणा विकत घेऊन बसलो होतो.

यंत्रणेचे तत्त्व सोपे आहे. घरच्या क्रमांकावर आलेल्या पाहुण्याच्या निरोपातला ओळखीचा शब्द ती हेरते आणि त्या शब्दाला नेमून दिलेले उत्तर तत्क्षणी धाडते. उत्तरांचा मसुदा अर्थातच माझा. त्या मसुद्यांवर मी इतका प्रसन्न होतो, की ते तुला मोठ्याने वाचून दाखवले. तू म्हणालीस, 'पंडित, हे घर आहे की कचेरी? आणि माझं काम काय आता, शोभेला बसू?' मी त्यावर काय बोललो ते लिहीत नाही. तू बॅग भरलीस आणि लेकाकडे निघून गेलीस.

तदनंतरचा यंत्राचा पराक्रम ऐक. एक गृहस्थ त्याच बाथरूममध्ये अडकले. त्यांनी आतून लिहिले, 'दार उघडत नाही.' यंत्राने 'दार' हेरून त्यांना मुख्य प्रवेशद्वाराचा सांकेतिक क्रमांक कळवला. त्यांनी पुन्हा लिहिले, त्याने पुन्हा कळवला. मी खाली झाडांना पाणी घालत होतो. वर कोण एवढे सुतारकाम करते आहे, याचे नवल करत होतो. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी 'बरं वाटत नाही' असे लिहिले. त्यांना उत्तर गेले: 'आपणांस येथे बरे वाटावे हीच आमची आकांक्षा; कृपया पाच तारे प्रदान करावेत.' त्यांनी एक प्रदान केला. तो का केला, याचे विवेचन मात्र पाच परिच्छेदांचे आहे.

दर महिन्याला येणारा तो औषधांचा विक्रेताही परवा माझ्यावर उखडला. 'ताई कुठं आहेत? त्या विचारायच्या, पोहोचलात का, नुसतं हो लिहा. आता मेसेज आला की माझ्या सुखरूप आगमनाचा तुम्हाला आनंद झालाय. अहो, मी बंद पडलेल्या गाडीपाशी हायवेवर उभा होतो!' कामाच्या मावशींनी तर असहकारच पुकारला आहे. 'यंत्र आणलंय ना, त्यालाच चादरी बदलायला सांगा,' असे म्हणून त्या माझ्यासमोर चहा घेत बसतात. चहा मी करतो.

हे सर्व सहन केले. परंतु माझी खरी तक्रार तुझ्याविरुद्ध होती, ताई. आपल्या घरात कुणी कितीही भांडून जावो, पोहोचल्याचा निरोप आला पाहिजे, हा आईचा नियम. ती फोनजवळ बसून राहायची, आणि निरोप आला की 'एवढा उशीर का?' म्हणून पहिल्यांदा खेकसायची. तू गेलीस त्या दिवशी तिच्याच खुर्चीत मी बसलो होतो. निरोप आला नाही. तू खुशाल आहेस एवढे भाच्याकडून कळत होते; पण ते भाच्याकडून. मग मीही ठरवले, की नसेल लिहायचे तर न लिहो. पंधरवडाभर असा बाणेदारपणा केला. त्याने भूक मरते, एवढेच निष्पन्न झाले.

आज सकाळी भाच्याचा फोन आला. 'मामा, आईवर इतका राग? काहीही लिहायचं का माणसानं?' मला काही उमजेना. तेव्हा त्याने तुझ्या फोनमधले वाचून दाखवले. गाडीतून उतरताच तू घरच्या क्रमांकावर लिहिले होतेस: 'पोहोचले रे. माझा चष्मा राहिला, खिडकीत बघ.' यंत्राला 'पोहोचले' सापडले, 'राहिला'ही सापडले. 'सन्माननीय अतिथी, आपल्या आगमनाने आम्ही धन्य झालो. मागे राहिलेल्या वस्तूंचे दायित्व यजमानांवर नाही. प्रस्थानसमयी किल्ली पेटीत ठेवावी.' चष्म्याविना तुला वाचता येईना, म्हणून सूनबाईने ते मोठ्याने वाचले म्हणे, आणि तू तिला गप्प राहायची तंबी दिलीस. उत्तर गेले की मूळ निरोप निकाली काढून नजरेआड करावा, ही सोय मीच आग्रहाने मागून घेतली होती. त्यामुळे तुझे अक्षरही मला दिसले नाही. जगातल्या कोणत्याही माणसाने हे यंत्राचे काम म्हणून सोडून दिले असते. तू तेवढी माझी भाषा ओळखतेस, म्हणून तुला ते माझेच वाटले. यंत्र बंद केले आहे. चष्मा खिडकीतच होता. पुसून ठेवला आहे, पण टपालाने पाठवणार नाही. मागे राहिलेल्या वस्तूंचे दायित्व माझे आहे, आणि मालकिणीने आपली वस्तू येथे येऊनच ताब्यात घ्यावी. तूर्त हे पत्र पोहोचले की घरच्या क्रमांकावर नुसते 'हो' लिही. मी आईच्या खुर्चीत बसलो आहे. उत्तर मी स्वतः, एका बोटाने देईन. आणि उशीर झाला म्हणून आधी खेकसेन.

तुझाच,
पंडित