डावा घोटा

३ मार्च १९९३
आज भाईंदरच्या अग्निशमन केंद्रात रुजू झालो. नवा गणवेश, जड बूट, कानांवर येणारं हेल्मेट! बायकोने, समिधाने, केलेले बेसनाचे लाडू सगळ्यांना वाटले. आमचे प्रमुख आत्माराम म्हणाले, पहिलं वर्ष अंग बोंबलतं, मग सवय होते. नोकरी लागली एकदाची. खुशीत घरी आलो.

११ एप्रिल
त्या कोटाखाली माणूस उकडून निघतो. ड्रिलनंतर घरी जेवण गेलं नाही. समिधाला म्हटलं, चहा जास्त झाला.

६ मे
दुपारी प्लास्टिकच्या गाळ्याला आग. ओणवा होऊन धुरात शिरलो. छाती फुटायला आली. मागे वळलो तोच कुणीतरी माझा डावा घोटा धरला. बाईचा हात. बांगड्या लागल्या. मी पाय झाडला. सुटेना, तेव्हा लाथ मारली.
बाहेर आल्यावर आत्मारामनी विचारलं, आत कोणी आहे का. मी नाही म्हणालो.

७ मे
दारापासून चार हातांवर सापडली. मनोरमा, वय तीस. आत्माराम मलाच धीर देत होते, धुरात कुठे दिसतं, मनाला लावून घेऊ नकोस म्हणाले.

१५ मे
काळा कफ पडतोय. झोप नाही. घोटा कुणी आवळून धरल्यासारखा. डॉक्टर म्हणतात थकवा आहे, पायाला काही झालेलं नाही. समिधाने हात लावला आणि झटकन काढून घेतला. चटका बसतो म्हणाली.

२१ मे
ड्रिल. शिडीची चौथी पायरी. डावा पाय उचलेना. खाली कुणीच नव्हतं. पकड मात्र —

२४ मे
वरसाव्याला गेलो. मनोरमाच्या नवऱ्याला, शिवाला, सगळं सांगितलं. वाटलं, मारेल. त्याने हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "आनि तिची भईन?"
मनोरमाची धाकटी बहीण, अजून पोरच, त्याच दिवशी तिच्याबरोबर गाळ्यात कामाला लागली होती. हजेरीत नाव चढलंच नव्हतं. आग बघून ती घाबरून गावाला पळाली, असं तो समजत होता. गावात ती पोचलीच नाही.

२५ मे
आत्मारामना खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, गाडी काढली. गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यातले जळके पत्रे उचलले. होती ती. मीच बाहेर आणली.
घोटा सुटला. घरी येऊन ढसाढसा रडलो.

२६ मे
सकाळ. समिधा विचारतेय, पाय का ओढताय.
मी नाही ओढत.
उजवा घोटा — हात लहान आहे, पण पकड तिच्याहून —