उत्तम शुक्रवारचे सात बंधू

६ जानेवारी १९९१, रविवार
चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांना सांगितलं, मंडळीतल्या पुरुषांचं शिष्यत्व माझ्यावर सोडा. बायका उपास-प्रार्थना करतात, गाणी बसवतात, आजाऱ्यांना भेटतात. पुरुष बाहेर स्कूटरींना टेकून कंपनीतल्या गोष्टी करतात. योजना तयार आहे. दर शनिवारी संध्याकाळी बंधुवर्ग. आणि उत्तम शुक्रवारी येशूने वधस्तंभावर उच्चारलेल्या सात वचनांवर आपलेच सात बंधू बोलतील. दरवर्षी पुण्याहून पाहुणे बोलवतो, ते बंद. पाळकसाहेब म्हणाले, उजगरे, बघा प्रयत्न करून. आवाज थकलेला वाटला. त्यांचा भार हलका करणं माझं कर्तव्य.

१२ जानेवारी, शनिवार
पहिला वर्ग. चौघे आले. धर्मराज तबला घेऊन आला, त्याला वाटलं भजन आहे. दीड तास बोललो. रामभाऊ डोळे मिटून ऐकत होते. शेवटी चर्चा ठेवली होती, वेळ उरला नाही.
हरिचंद्र मात्र शेवटपर्यंत ताठ बसला. ऑक्टोबरपासून त्याने दारू सोडली आहे. जाताना म्हणाला, साहेब, शनिवारची संध्याकाळच अवघड जाते, तुम्ही बोलत राहा.
म्हणजे बोलणं पोहोचतंय.

२ फेब्रुवारी, शनिवार
तिघे. बाकीच्यांची सेकंड शिफ्ट. सगळ्यांची एकाच आठवड्यात कशी, चौकशी करायला हवी.
घरी बायको, सरस्वती, म्हणाली, अर्ध्या तासात आवरा आणि त्यांना चहा द्या. मी म्हणालो, चहाने शिष्य होत नाहीत. ती म्हणाली, भाषणाने तरी कुठे होतायत. तिचे गुडघे दुखतायत सध्या, त्याचा परिणाम.

१६ फेब्रुवारी, शनिवार
वचनं वाटायची म्हणून आज सातजण आले. बराच विचार करून वाटली, ज्याच्या त्याच्या आयुष्याला लागू पडेल असं. क्षमेचं धर्मराजला, तो सख्ख्या भावाशी बोलत नाही. पाचवं, 'मला तहान लागली आहे' हे, हरिचंद्रला.
कुणीतरी फिसकन हसलं. धर्मराज म्हणाला, हऱ्या, पाणी की सोडा? मग सगळेच हसले. हरिचंद्रही हसला. वर्गात इतकं मोकळं वातावरण पहिल्यांदाच.

२३ फेब्रुवारी, शनिवार
हरिचंद्र नव्हता. तयारी करत असणार.

२ मार्च, शनिवार
हरिचंद्र आजही नाही. धर्मराज म्हणाला, मी तबला वाजवीन, बोलणार नाही. आणि ते तहानेचं वचन दुसऱ्याला द्यायचं होतं साहेब. मी म्हणालो, हसलास तू. तो म्हणाला, हो, हसलो. पण दिलं तुम्ही. उठून गेला. रामभाऊंनाही दम लागतो म्हणे. त्यांची दोन वचनं माझ्याकडे आली. वक्ते कमी झाले की सूत्रबद्धता वाढते.

९ मार्च, शनिवार
पाळकसाहेब म्हणाले, हरिचंद्रच्या घरी जाऊन या. हातात काही नेऊ नका, नुसते बसा. सोमवारी नक्की जाईन.

१४ मार्च, गुरुवार
सोमवारी चौथ्या वचनाचं टिपण काढत होतो. मंगळवारी कंपनीत स्टॉक मोजणी. बुधवारी अंग मोडून आलं. आज गेलो.
दारात त्याची बायको, पुतळाबाई. म्हणाली, हे घरी नाहीत. आत रेडिओ चालू होता, तो कुणीतरी बंद केला. तहानेवर चार फुलस्केप मुद्दे काढून नेले होते, ते तिच्याकडे दिले. तिने विचारलं, हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायचं? मी म्हणालो, साक्ष आहे ती बाई, लोकांना बळ मिळेल. ती म्हणाली, पाच महिने झाले साहेब, चाळीतले आत्ता कुठे विसरायला लागलेत. मी म्हणालो, मग तर आठवण करून देणं योग्यच.
तिने दार लावलं. स्वयंपाक चालू असावा.

२९ मार्च, उत्तम शुक्रवार
बाकीच्यांनीही एकेक करून नकार कळवला, सातही वचनांवर मीच बोललो. बाराला सुरू, साडेतीनला समाप्त. तिसऱ्या वचनानंतर पुरुषांच्या बाजूला फक्त रामभाऊ आणि पाळकसाहेब उरले. बायकांची बाजू भरलेली, पण पुतळाबाई दिसली नाही. पाचव्याला घसा बसला.
बाहेर पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या वर्षी पुण्याला आधीच पत्र टाकतो. माझ्या मते बीज पेरलं गेलं आहे. उगवायला वेळ लागतो.

७ एप्रिल, रविवार
उपासना सुटल्यावर हरिचंद्र आला. मला धीर आला. पुढच्या शनिवारचा विषय सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, साहेब, मंडळी बदलण्याचा दाखला पाहिजे, उल्हासनगरच्या मंडळीसाठी. मंडळीचा चिटणीस मीच, दाखला मीच लिहितो.
विचारलं, पुन्हा सुरू केलीस का? म्हणाला, नाही साहेब. मी म्हणालो, तिथे सगळं हिंदीत चालतं, निम्मे सिंधी, तुला काय समजणार? म्हणाला, निम्मं समजतं. मी विचारलं, मग कशाला जातोस?
म्हणाला, तिथे मी प्यायचो हे कुणाला ठाऊक नाही.
मी शास्त्रातले दोन दाखले दिले. तो टेबलासमोर उभाच राहिला. शेवटी लिहिलं. 'कारण' या रकान्यात राहण्याचे ठिकाण बदलल्यामुळे, असं घातलं. खाली सही केली.

८ एप्रिल, सोमवार
सकाळी दूध केंद्रावर हरिचंद्र. तीच चाळ, तीच रांग. माझ्यापुढे दोन माणसं सोडून. मागे वळून म्हणाला, सलाम साहेब.
मी सलाम म्हणालो.