कुढणे

९ जून

प्रिय दादा,

नमस्कार. मी खुशाल आहे. तूही असशील, नसलास तरी कळवायचा नाहीस, हे ठाऊक आहे.

शब्दकोशाचं काम ‘आर’पर्यंत आलंय. खोली तीच: तीन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि शिंकतानाही व्याकरण सांभाळणारे आमचे संपादक. परवा त्यांनी माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली. ‘रिपाइन’. इंग्रजी क्रियापद, हल्ली फारसं कुणी वापरत नाही.

मी झटक्यात म्हटलं, “पस्तावणे.”

“ते रिपेंट!” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “अकरा वर्षं इथे आहात आणि ही गल्लत? रिपाइन म्हणजे कुढणे. वाट्याला आलेल्याबद्दल आतल्या आत झुरणं. पुष्कळदा नकारासह येतं. आय शॅल नॉट रिपाइन. मी कुढत बसणार नाही.”

दादा, मी चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात ‘कुढणे’ लिहिलं आणि जिन्यात जाऊन ढसाढसा रडले.

नोकरीसाठी मी निघाले तेव्हा तू म्हणालास, “जा, पण परत तोंड दाखवू नकोस.” आठवड्याने तुझं पत्र आलं, इंग्रजीत. तुझी खोडच ती, मन भरून आलं की इंग्रजी. ‘तू गेलीस. आईचं मी बघेन. आय शॅल नॉट रिपाइन.’ मी वाचलं ते असं: बोललो त्याचा मला पस्तावा होणार नाही. म्हटलं, ठीक आहे, तू तुझ्या घरी, मी माझ्या. आई गेली तेव्हा एका दिवसापुरती आले. तू चहा पुढे केलास, मी “नको” म्हटलं.

आणि तू तर लिहिलं होतंस, जा बाई, मी कुरकुरणार नाही!

अर्धी चूक तुझी. सरळ मराठीत लिहायला काय धाड भरली होती?

उरलेली अर्धी सांगायला जड जातंय. कोश तेव्हाही माझ्या उशाशी होता. शब्द ओळखीचा नाही, हे पहिल्याच वाचनात कळलं होतं. तरी मी पान उघडून पाहिलं नाही. भांडण राहिलेलं माझ्या सोयीचं होतं, कारण भाऊ रागावलेला असला की आईच्या आजारपणात यावं लागत नाही. हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

माफी कागदावर मागणार नाही. गुरुवारी दुपारच्या गाडीने येतेय, आठवड्याची रजा टाकलीय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. मला घाई नाही.

उशिराने का होईना, तुझीच,
धाकटी